छंदाचा हिशेब

‘छंद’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि गेली अठरा वर्षे मी वर्गात त्यांपैकी एकच शिकवत आले आहे. अक्षरांची संख्या, मात्रांचे गट, यती, ओवीचे साडेतीन चरण, अभंगाचे लहान-मोठे प्रकार एवढे फळ्यावर मांडून झाले की विषय संपतो आणि परीक्षेत त्यावर एखादी टीप येते. दुसरा अर्थ अभ्यासक्रमात नाही. मनाची ओढ, हौस, कुणी न सांगता केलेली गोष्ट हा अर्थ स्टाफरूममध्ये भेटतो, आणि तोही बहुधा तक्रारीच्या सुरात: ‘‘त्यांचं काय बाई, त्यांना छंद आहेत!’’ संस्कृतात छन्द म्हणजे इच्छा आणि छन्दस् म्हणजे वृत्त. मराठीने दोन्ही एकाच शब्दात नांदू दिले. पण आपली भाषा हौसेकडे पूर्ण विश्वासाने पाहत नाही. छंदाला फंद जोडला की माणूस छंदीफंदी होतो. नाद, खूळ, वेड, थेर हे सारे शब्द त्याच गल्लीतले. ‘हौसेला मोल नाही’ या म्हणीतही दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो हौस अमोल आहे, दुसरा म्हणतो ती कवडीमोल आहे.

हे सगळे आठवण्याचे कारण अगदी गद्य आहे. गेल्या महिन्यात महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालासाठी माहितीचा तक्ता भरायचा होता. परिसंवाद, शोधनिबंध, अतिथी व्याख्याने, विस्तारकार्य असे रकाने होते आणि शेवटी ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये मी सवयीने ‘निरंक’ लिहिले आणि लिहून झाल्यावर थबकले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आम्हां प्राध्यापकांच्या आयुष्यात ‘एपीआय’ आणला आणि प्रत्येक कामाला गुण चिकटले. २०१८ च्या नियमावलीत त्या पद्धतीचे रूप बदलले, पण मोजण्याची सवय तोवर आमच्या अंगात मुरली होती. ज्याला गुण नाहीत ते घडलेच नाही, असे आम्ही मनोमन मानू लागलो आहोत. म्हणून मी एक आठवडा एक वही ठेवायचे ठरवले. नियम एकच होता: कुणाच्याही सांगण्यावरून न केलेली, मोबदला नसलेली आणि कोणत्याही रकान्यात न बसणारी गोष्ट तेवढीच त्यात लिहायची. सात दिवसांची बेरीज नऊ तास भरली. तीन तास धावणे, दोन तास उर्दू लिपी गिरवणे आणि चार तास एक खेळ, ज्याचे मराठी नाव अजून ठरायचे आहे. आठवड्याच्या १६८ तासांतले हे नऊ तास. प्रस्तुत लेख त्या नऊ तासांविषयी आहे.

सोमवारी पहाटे सव्वापाचला मी भुईकोट किल्ल्याच्या बाजूने धावायला निघाले. नगरला (२०२४ मध्ये शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, तोंडातले ‘नगर’ मात्र तसेच राहिले आहे) त्या वेळी रस्त्यावर दोन प्रकारची माणसे पळताना दिसतात. काहींच्या पायांत महागडे बूट आणि मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ असते. बाकीच्यांच्या पायांत जे मिळेल ते असते, आणि घड्याळ एकाकडेच असते. तो ओरडून सर्वांची वेळ सांगतो. ही दुसरी मंडळी पोलीस किंवा सैन्य भरतीची असतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. किल्ल्याच्या तटाचा परीघ सुमारे १.७ किलोमीटर आहे, म्हणजे एक वेढा झाला की मुलांचे अंतर जवळपास पुरे होते. निजामशाहीच्या राजधानीचा हा कोट आज आमच्या जिल्ह्यातल्या बेरोजगारीची फूटपट्टी झाला आहे, असे कधीकधी वाटते.

मी या दोन्हींत बसत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि भरतीचे वय उलटून जमाना झाला. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेली बाई रस्त्याने चालली तर तिला मधुमेह असतो, धावली तर काहीतरी विपरीत घडलेले असते. सुरुवातीच्या दिवसांत एका दूधवाल्याने मोटारसायकल थांबवून, ‘‘ताई, काय झालं? दवाखान्यात सोडू का?’’ असे कळवळून विचारले होते. मी हसून नको म्हटले, पण त्याच्या प्रश्नात तथ्य होते. धावण्याला कारण असावे लागते. आमच्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळा लांब होती म्हणून पळत जायचा. पुढे सैन्यात गेला, स्टीपलचेसमध्ये उतरला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी उलटलेल्या लता भगवान करे नऊवारीत धावल्या त्या पतीच्या उपचारांच्या पैशांसाठी. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट २०२० मध्ये आला. या दोन्ही धावा आपल्याला भिडतात, कारण त्यांच्यामागे गरज आहे. माझ्या धावण्यामागे गरज नाही, आणि त्यामुळे ती गोष्ट सांगण्याजोगी होत नाही.

त्या सोमवारी तृतीय वर्षाची माझी एक विद्यार्थिनी तिथे भेटली. श्रीगोंद्याकडच्या एका गावची, शहरात मावशीकडे राहून शिकणारी, वर्गात मागच्या बाकावर बसून क्वचितच बोलणारी मुलगी. ती भरतीसाठी पळत होती. शारीरिक चाचणीच्या पन्नास गुणांपैकी वीस ८०० मीटरला असतात. गेल्या खेपेला थोडक्या सेकंदांनी तिचे गुण गेले आणि तिला पुढच्या भरतीची वाट पाहत बसावे लागले. दम खात खात तिने विचारले, ‘‘मॅडम, तुम्ही कशासाठी पळता?’’ मी ‘‘असंच’’ म्हणाले. तिने मान डोलावली, पण तिच्या चेहऱ्यावर तो शब्द उमटला नाही. ‘असंच’ हा शब्द तिच्या आयुष्यात कुठे बसवायचा हे तिला ठाऊक नव्हते. का कोण जाणे, मी तिला म्हटले, ‘‘रविवारी दुपारी घरी ये. आम्ही एक खेळ खेळतो.’’

मंगळवारी गुडघा दुखत होता म्हणून धावणे झाले नाही. सासूबाईंनी तेल कोमट करून दिले आणि आपले ठरलेले मत पुन्हा ऐकवले: ‘‘रिकामं कशाला पळायचं गं? आम्ही पळायचो, पण डोक्यावर हंडा असायचा.’’ त्या पारनेर तालुक्यातल्या. त्यांच्या तरुणपणीच्या पाण्याच्या खेपा मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. पण त्या दिवशी मी विचारले, ‘‘आई, तुम्हाला कसला छंद होता?’’ त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘छंद कुठला? जात्यावर बसलं की गाणं सुचायचं, तेवढंच.’’

‘तेवढंच’ हा शब्द मला दिवसभर पुरला. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. वर्गात हे सांगताना आम्ही त्याला ‘श्रमगीत’ म्हणतो आणि श्रम हलके व्हावेत म्हणून बायका गात होत्या, असे उपयोगितेचे स्पष्टीकरण जोडतो. सासूबाईंचे ऐकल्यावर मला ते उलटे दिसू लागले. ज्या बाईला दिवसातला एकही तास स्वतःचा मिळत नव्हता, तिने आपला छंद दळणाच्या आत लपवला असेल. जाते थांबले तर गाणे थांबणार होते, कारण नुसते बसून गाण्याची परवानगी तिला नव्हती. पीठ हे त्या गाण्याचे परवानापत्र होते. म्हणजे फळ्यावरचा छंद आणि मनातला छंद या दोन अर्थांची गाठ मराठीत कुठे पडली असेल तर ती जात्याच्या खुंट्यापाशी. याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ओवीला त्या ग्रंथाने जी प्रतिष्ठा दिली ती आपण शिकवतो. जात्यापाशी तीच ओवी कशी जगली, हे मात्र आपण समाजशास्त्राकडे सोपवून मोकळे होतो.

रात्रीची वीस मिनिटे उर्दूची असतात. अलिफ-बे गिरवत मी सध्या मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’पर्यंत पोहोचले आहे, अडखळत, एका रात्री अर्धे पान या गतीने. हे पुस्तक निवडायला कारण आहे. ते माझ्या धावण्याच्या रस्त्यावर, त्याच तटाच्या आत लिहिले गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. त्यांत नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. पाहुण्यांना किल्ला दाखवताना आम्ही हे अभिमानाने सांगतो. त्याच किल्ल्यात आझाद पहाटे उठून स्वतः चिनी चहा करत होते आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला पत्रे लिहीत होते, जी तुरुंगातून पाठवता येणार नव्हती. चहा कसा करावा, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई आणि मग सलोखा कसा झाला, तरुणपणी सतार कशी शिकलो, असे विषय. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले तेव्हाही ते आतच होते, आणि तेही या पत्रांत आहे. १९४६ मध्ये ही दोन्ही पुस्तके प्रसिद्ध झाली. आम्ही नगरकर एकाचेच नाव घेतो. देश घडवणारे पुस्तक आणि चहा-चिमण्यांचे पुस्तक असा निवाडा आम्ही न वाचताच केला आहे. नेहरू तिथे बागेत फुलांचे वाफे करत, हेही आम्ही सांगत नाही, कारण त्यातून काही ‘निष्पन्न’ झाले नाही.

छंदाची बाजू घेताना मला एक सावधगिरी बाळगली पाहिजे, आणि तीही या शहरानेच शिकवली. शहराच्या दक्षिणेला फराहबाग आहे. गॅझेटियरमध्ये नोंद आहे की मुर्तझा निजामशाह (१५६५ ते १५८८) इथे दिल्लीच्या एका गवयाबरोबर तासन् तास बुद्धिबळ खेळत बसे. त्या गवयाला त्याने फतेहशाह ही पदवी दिली आणि त्याच्यासाठी बागेत लकडमहाल बांधला. राज्यकारभार दुसरेच पाहत होते, सरदारांची भांडणे विकोपाला जात होती आणि १५८८ मध्ये राजाच्या मुलानेच त्याला संपवले. राजाच्या छंदाची किंमत राज्य मोजते. कैद्याच्या छंदाची किंमत कुणीच मोजत नाही, कारण त्याच्याकडे हिरावून घ्यायला वेळेखेरीज काही उरलेले नसते. आम्ही पगारदार मध्यमवर्गीय या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहोत. मी पहाटे धावते तेव्हा चहा सासूबाई करतात आणि रविवारी खेळते तेव्हा भांडी दुसरी बाई घासते. माझ्या नऊ तासांखाली त्यांचे किती तास आहेत, हा रकानाही माझ्या वहीत असायला हवा होता.

आता त्या खेळाविषयी. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यानेच मला यात ओढले. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो, तो प्रसंग सांगतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ‘‘मग तू काय करतोस?’’ या प्रश्नाला आपापल्या पात्राच्या तोंडाने उत्तर देतात. कृती अवघड असेल तर वीस पृष्ठांचा फासा टाकायचा आणि पडेल ते दान गोष्टीत सामावून घ्यायचे. पुस्तकांत नियम आहेत, पण पट असलाच पाहिजे असे नाही आणि शेवटी कोणी जिंकत नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने हा प्रकार बाजारात आणला. त्याच्या मागे युद्धखेळांची परंपरा आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांचा नकाशावरचा लढाईचा खेळ १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी रुजला. सेनापतीच्या जागी एकेकटे पात्र आले, लढाईच्या जागी गोष्ट आली, आणि सैन्याच्या उपयोगाची वस्तू निरुपयोगी होऊन माणसाळली. रणगाड्यांच्या लष्करी शाळेच्या या गावात बसून मला या प्रवासाची गंमत वाटते.

सहकाऱ्यांना हे सांगितले की ते विचारतात, ‘‘या वयात सोंगं घ्यायची?’’ मराठीच्या प्राध्यापकाने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याला देवादिकांचे मुखवटे चढवून गावेच्या गावे सोंगे नाचवतात. एकनाथांच्या भारुडांत वासुदेव बोलतो, गोंधळी बोलतो, जोशी बोलतो, जोहार घालणारा महारही बोलतो. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या ब्राह्मणाने दुसऱ्याच्या जागी उभे राहून ‘मी’ म्हणून पाहिले, आणि आपण ते ‘लोकशिक्षणाचे साधन’ म्हणून दोन गुणांना शिकवतो. सोंग या शब्दाला फसवणुकीचा वास आहे, पण दुसऱ्याचे सोंग घेतल्याखेरीज कादंबरी तरी कुठे वाचता येते? आणखी एक गोष्ट आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि ‘मुक्तामाला’ (१८६१) शेजारीशेजारी ठेवून पहिलीला गंभीर आणि दुसरीला करमणुकीची ठरवण्याची खोड आमच्या समीक्षेला फार जुनी आहे. अद्भुत म्हटले की आमच्या भुवया चढतात. मलाही राक्षस आणि किल्ले यांची सुरुवातीला लाजच वाटत होती. मग आम्ही गोष्ट नगरला आणली. काळ मुर्तझा निजामशाहाचा, जागा फराहबाग आणि कापूरवाडीकडून शहरात पाणी आणणारे खापरी नळ. शहराचे पाणी अचानक आटले आहे. का, ते शोधायचे. भाषा मराठी. गोष्ट घरी आल्यावर लाज उरली नाही.

शुक्रवारी रात्री त्या प्रसंगांची टिपणे काढली, शनिवारी धावून आले. पण त्याआधी गुरुवारी महाविद्यालयात एक बैठक झाली, तिच्याविषयी लिहिलेच पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आता सहशालेय गोष्टींनाही श्रेयांक आहेत. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना वगैरे. एका उत्साही सहकाऱ्याला माझ्या खेळाची कुणकुण लागली होती. ‘‘मॅडम, याचा तीस तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करू. सर्जनशील संवादकौशल्य असं नाव देऊ. हजेरी, मूल्यमापन, दोन श्रेयांक. विभागाचंही नाव होईल.’’ सूचना सद्भावनेची होती. मी तिला कडाडून विरोध केला. मी म्हणाले, मूल्यमापन आले की मुले चांगले दान पडावे म्हणून खेळतील, गोष्टीसाठी नाही. जे आपण गुणांसाठी करतो ते आपले उरत नाही. साहित्याचे आपण हेच करून ठेवले आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण मराठीकडे छंद म्हणून आला, कुठल्यातरी वाचनालयाच्या कोपऱ्यातून, आणि आज आपल्यालाच आठवत नाही की शेवटचे पुस्तक आपण व्याख्यानाची तयारी म्हणून नव्हे तर नुसते कधी वाचले. छंदाचे समर्थन त्याच्या उपयोगाने करायला लागलो की उपयोग संपताच छंद निकामी ठरतो. बैठक पुढच्या विषयावर गेली. माझा मुद्दा मला अगदी बिनतोड वाटला होता.

रविवारी ती मुलगी आली. दारात चपला काढताना दोनदा घड्याळाकडे पाहिले. आमच्यात भाचा सूत्रधार, पदार्थविज्ञानाचे एक सहकारी, भाच्याची एक मैत्रीण आणि मी. तिला पात्र निवडायला सांगितले तेव्हा ती सरदार किंवा हेर निवडेल असे मला वाटले होते. तिने नहरीची राखण करणारी बाई घेतली. पहिला तासभर ती काही बोलली नाही. मग खापरी नळाच्या उसासात (हवा सोडण्यासाठी बांधलेल्या मनोऱ्यात) उतरायची पाळी तिच्या पात्रावर आली. तिने फासा टाकला. दान पडले एक; विसांतले सर्वांत वाईट.

तिचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे मी बाद?’’

‘‘नाही,’’ भाचा म्हणाला, ‘‘पाय निसटला आणि तुम्ही खाली पडलात. आता तुम्ही आत आहात. काय दिसतंय?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग बोलू लागली. आधी वास सांगितला, शेवाळाचा आणि वटवाघळांचा. वरून येणारा उजेड नाण्याएवढा कसा दिसतो ते सांगितले. आटलेल्या विहिरीत उतरल्यावर स्वतःचाच आवाज दुसऱ्या बाईने हाक मारल्यासारखा कसा परत येतो, आणि भिंतीला कान लावला की पाणी जवळ आहे की लांब ते कसे कळते, हेही सांगितले. वर्गात तीन वर्षांत ती जेवढे बोलली नसेल तेवढे त्या दहा मिनिटांत बोलली. तिच्या वडिलांनी विहिरींच्या खोदकामावर मजुरी केली आहे, हे मला त्या दिवशी कळले. पाणी कुणी अडवले याचा छडा तिनेच लावला, आणि तोही खाली पडल्यामुळे. चांगले दान पडले असते तर ती वरच राहिली असती.

खेळ संपल्यावर पोहे खाताना ती म्हणाली, ‘‘मॅडम, इथं पडलं तरी वर्ष वाया जात नाही.’’

मी आठ दिवस छंदाची व्याख्या शोधत होते, ती अशी ताटलीत आली. चुकण्याची किंमत जिथे शून्य असते अशी जागा म्हणजे छंद. मी हळू धावते, उर्दू चुकीचे वाचते, फासे माझे कायम पडकेच असतात, आणि कुणाचे काही बिघडत नाही. म्हणून तर मी तिथे पुन्हा पुन्हा जाते. आमच्या मुलांना अशी जागा नाही. चाचणी, सत्र परीक्षा, भरती, स्पर्धा परीक्षा. प्रत्येक ठिकाणी चुकले की गुण, वर्ष किंवा वय जाते. ज्याला चुकायची मुभा नाही तो बोलत नाही, मागच्या बाकावर बसतो, आणि आम्ही अहवालात लिहितो की विद्यार्थ्यांत अभिव्यक्तीचा अभाव आहे.

मी इथेच थांबले असते तर लेख माझ्या बाजूने संपला असता. पण मी तिला गुरुवारच्या बैठकीची गोष्ट विजयी सुरात सांगितली. दोन श्रेयांक देणार होते, मी हाणून पाडले, असे म्हणाले. ती हसली नाही.

‘‘क्रेडिट असतं तर बरं झालं असतं, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘घरी सांगता आलं असतं. आज मी मावशीला जादा तास आहे म्हणून सांगून आले.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. सासूबाई आत भांडी आवरत होत्या, त्यांनी ते ऐकले असावे. पीठ पडत राहिले तरच गाणे चालू ठेवता येते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. छंद निर्हेतुक असावा हे तत्त्व ज्याच्याजवळ स्वतःची खोली, पगार आणि ‘असंच’ म्हणण्याचा अधिकार आहे त्याला परवडते. मी ते तत्त्व तिच्या वतीने बैठकीत मांडून आले होते, तिला न विचारता.

तरीही मला श्रेयांक नकोच आहेत. मूल्यमापन आले की ते ‘एक’चे दान पुन्हा महाग होईल आणि ती पुन्हा गप्प होईल, हे मला अजून खरे वाटते. पण परवाना आणि मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला गुरुवारी सुचले नव्हते, रविवारी सुचले. आमच्यासारख्यांनी करण्याजोगी गोष्ट एवढीच आहे. आठवड्यातले दोन तास, एक खोली, संस्थेचा शिक्का असलेला एक कागद आणि त्या कागदाखाली कसलीही परीक्षा नाही. मुलामुलींनी घरी तो दाखवावा आणि इथे येऊन बिनधास्त चुकावे. जे काम पिठाने केले ते आम्ही शिक्क्याने करू शकतो. ते खेळ खेळतील, भारुड रचतील, उर्दू गिरवतील की नुसती खिडकीतून पाहतील, याची चौकशी आम्ही करू नये. ज्यांना हे भाबडे वाटेल त्यांनी आपापल्या वर्गातला मागचा बाक आठवून पाहावा.

सोमवारी मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. ‘दर गुरुवारी तीन ते पाच, मराठी विभाग, विद्यार्थ्यांसाठी’ इथपर्यंत लेखणी सरळ गेली. पुढे ‘छंद’ लिहिले, खोडले आणि ‘उपक्रम’ लिहिले. अर्ज मंजूर झाला आहे. शिक्का मारलेली पहिली प्रत त्या मुलीने मावशीसाठी नेली.